विश्लेषण : घरचा संगणक रखडतोय… व्हायरस की वय?

‘काका, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल.’

रखडणारा संगणक दुकानात नेला की हे वाक्य हमखास ऐकू येते. काकाही ‘मारा’ म्हणतात, कारण मुलीच्या प्रवेशाचा अर्ज उद्यापर्यंत भरायचा असतो. संध्याकाळी संगणक हलकाफुलका होऊन घरी येतो, नवा वॉलपेपर झळकतो. आठवड्याने कुणाला तरी आठवते की आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो डेस्कटॉपवरच होते.

संगणक मंद होणे हे ताप येण्यासारखे आहे. ताप कशाचाही असू शकतो आणि प्रत्येक तापाला एकच औषध देत नाहीत. व्हायरस हे मंदपणाचे एक कारण असू शकते, पण घरगुती संगणकांत ते पहिले संशयित क्वचितच ठरते. उलट आज ज्याची खरी भीती बाळगावी, ते मालवेअर संगणकाचा वेग कमी होऊ देत नाही, कारण लपून राहण्यातच त्याचा फायदा असतो. परिणामी निरोगी पण थकलेला संगणक फॉरमॅट होतो आणि वेगाने चालणाऱ्या बाधित संगणकावरून घरातले लोक निर्धास्तपणे नेटबँकिंग करत राहतात.

‘मंद म्हणजे व्हायरस’ हा समज आला कुठून?

एके काळी तो खरा होता. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पर्सनल कॉम्प्युटरवरचा पहिला व्हायरस मानला जातो. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि फ्लॉपी ड्राइव्ह संथ करायचा. त्या काळातले व्हायरस बहुधा आपले अस्तित्व दाखवण्यासाठीच लिहिले जात. कुणी पडद्यावर संदेश झळकवत, कुणी अक्षरे खाली पाडत. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ची सुरुवात केली, ती दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले व्हायरस काढण्याच्या गरजेतूनच. तेव्हा दुरुस्तीवाला ‘व्हायरस आहे’ म्हणाला, तर तो बहुधा असायचाच.

हा जुना समज पुढे धंद्याचे भांडवल झाला. अमेरिकेतील ‘ऑफिस डेपो’ या दुकानसाखळीचे प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तिथे ग्राहकांच्या संगणकाची ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत. संगणक मंद चालतो का, व्हायरसचे इशारे येतात का, तो वारंवार बंद पडतो का, जाहिरातींच्या खिडक्या उघडतात का? यापैकी एकाही चौकटीत खूण केली, की तपासणीच्या शेवटी ‘मालवेअरची लक्षणे आढळली’ असा निष्कर्ष आपोआप येत असे. मधल्या काळात पडद्यावर चालणाऱ्या स्कॅनशी त्या निष्कर्षाचा संबंध नव्हता. त्यावरून दुरुस्तीची पॅकेजे विकली गेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे उघड केल्यावर २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

ग्राहकाचीच तक्रार त्याला निदान म्हणून परत विकण्याचा हा प्रकार होता. आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एवढा बेत कुणी आखत नाही. तिथे फॉरमॅट सुचवला जातो, कारण तो सर्वात सोपा आणि वेळेचा हिशेब ठरलेला असतो. खरे कारण शोधायला दोन तास लागतील आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, हेही तितकेच खरे.

मग संगणक मंद नेमका कशाने होतो?

याचे उत्तर संगणकातच असते आणि ते पाहायला दुकानात जावे लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात. संगणक रखडत असताना यातला कोणता रकाना शंभर टक्क्यांच्या आसपास टेकला आहे, हे पाहणे म्हणजे निम्मे निदान.

जुन्या संगणकांत बहुतेक वेळा दोषी सापडतो तो डिस्कचा रकाना. पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. ऐकायला हा वेग मोठा वाटतो, पण एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. माहिती वेगवेगळ्या जागी विखुरलेली असेल तर अशी डिस्क सेकंदाला शंभरेक तुकडेही वाचू शकत नाही. साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते, कारण तिच्यात फिरणारे काही नसते. आजचे विंडोज सुरू होताना आणि पार्श्वभूमीला काम करताना हजारो लहान फायली चाळते. म्हणजे जे यंत्र घेतले तेव्हा ठीक चालत होते, त्याच्यावर दर अपडेटने ओझे वाढत गेले. अशा संगणकाला फॉरमॅट केले तर चार दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. त्याला एसएसडी बसवली तर तो बदललेला घरातल्या कुणाच्याही लक्षात येतो. घरगुती संगणकावर करण्यासारखा सर्वात किफायतशीर खर्च कोणता, असे विचारले तर या लेखापुरते उत्तर हेच.

मेमरीचा रकाना भरलेला असेल तर चार जीबी रॅम आणि ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले वीस टॅब यांचा तो संगम असतो. रॅम संपली की विंडोज डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरू लागते आणि डिस्क फिरणारी असेल तर दुष्काळात तेरावा महिना. ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ या भागात जाऊन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावेत. प्रिंटरचा मदतनीस, गेमचा लाँचर, मीटिंगचे अ‍ॅप यांना सकाळी उठल्याबरोबर हजेरी लावण्याची गरज नसते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर अपडेटलाही जागा उरत नाही. तो थोडा मोकळा करावा.

राहिली उष्णता. लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावत असेल, तळ हाताला चटका देत असेल आणि दुपारी तो सकाळपेक्षा संथ चालत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आहे. आत साठलेली धूळ काढून हे बरेचदा सुटते. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून चित्रपट पाहणाऱ्या घरांत हे जास्त.

इथे एक गमतीची गोष्ट. टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ नावाची नोंद बराच सीपीयू खाताना दिसते आणि नावातला ‘मालवेअर’ शब्द वाचून अनेकांची घाबरगुंडी उडते. ते विंडोजचे स्वतःचे डिफेंडर आहे आणि ते स्कॅन करत असते. त्याला बंद पाडणे म्हणजे चोराच्या संशयावरून रखवालदाराला हाकलणे. एकाऐवजी दोन अँटिव्हायरस ठेवणारी घरेही आहेत. दोन्ही प्रत्येक फाइल तपासू पाहतात आणि संगणक त्यांच्यात भरडला जातो. विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजसोबतच येते. त्याच्या जोडीला दुसरे हवेच असेल तर एकच ठेवावे.

डिस्कच आजारी असेल तर?

ही शक्यता वेगळी सांगायला हवी, कारण इथे घाई महागात पडते. फाइल उघडताना संगणक अर्धा मिनिट गोठतो, हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येतो, फायली ‘करप्ट’ दाखवतात, ही डिस्क अखेरच्या घटका मोजत असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी तासन् तास चालणारे पूर्ण स्कॅन किंवा फॉरमॅट म्हणजे त्या डिस्कवर आणखी ताण. आधी फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा, जे काही दुसरीकडे नाही ते बाहेरच्या डिस्कवर उतरवावे. बाकी सर्व नंतर.

खरे मालवेअर मग कसे ओळखायचे?

याचे प्रामाणिक उत्तर असे की नेहमी ओळखता येत नाही. काही प्रकार अंगावर खुणा सोडतात. ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलते, शोधलेली गोष्ट भलत्याच संकेतस्थळावर नेते, आपण न टाकलेले एक्स्टेन्शन दिसते, डिफेंडर बंद असते आणि सुरू करू दिले जात नाही. पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झालेली दिसतात. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हवर हा शेवटचा प्रकार अनेकांनी पाहिला असेल. मूळ फोल्डर बहुधा तिथेच लपवलेली असतात, त्यामुळे घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नये. आपल्या संगणकाची ताकद वापरून कूटचलन खणणारे ‘मायनर’ मात्र खरोखरच वेग खातात. त्यातले काही इतके चलाख असतात की टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर पंखा शांत होत असेल आणि बंद केल्यावर पुन्हा घोंघावू लागत असेल, तर तो संशय रास्त आहे.

सर्वात घातक प्रकार मात्र काहीच दाखवत नाही. त्याला ‘इन्फोस्टीलर’ म्हणतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डाची माहिती आणि लॉगइन टिकवून ठेवणाऱ्या ‘कुकी’ गोळा करून तो काही मिनिटांत त्या बाहेर पाठवतो. काही नमुने तर काम झाल्यावर स्वतःला पुसून टाकतात. कुकी हाती लागली तर पासवर्ड आणि ओटीपी न टाकताही आपले खाते दुसऱ्याच्या संगणकावर उघडू शकते. यातल्या ‘लुमा’ नावाच्या एकाच कुटुंबाने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत शिरकाव केल्याचे मायक्रोसॉफ्टला आढळले. त्यातल्या किती मालकांना संगणक मंद झाल्यासारखा वाटला असेल?

तो आत येतो कुठून?

बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. फोटोशॉप, ऑफिस किंवा एखादा गेम ‘क्रॅक’ करून वापरण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की त्यात कुणाला गैर वाटत नाही. क्रॅकच्या सूचनांमध्ये पहिली ओळ असते ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. आपण ती पाळतोही. दुकानातून फॉरमॅट होऊन आलेल्या संगणकात अनेकदा असेच क्रॅक केलेले विंडोज आणि ऑफिस घातलेले असते. म्हणजे नसलेला व्हायरस काढायला गेलो आणि असलेला घेऊन आलो, असे होऊ शकते.

दुसरी नवी युक्ती जास्त साधी आणि म्हणून जास्त धोक्याची आहे. एखाद्या संकेतस्थळावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी ओळखीची चौकट येते. पण चित्रे निवडायला सांगण्याऐवजी ती म्हणते, विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने आपल्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि या तीन पायऱ्यांनी आपण ती स्वतःच्या हाताने चालवतो. लुमाच्या प्रसारात ही युक्ती सर्रास वापरली गेली. कोणतीही खरी पडताळणी विंडोज आणि आर दाबायला सांगत नाही. घरातल्या शाळकरी मुलांना आणि ज्येष्ठांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ.

पडद्यावर फोन नंबर आला तर?

अचानक पडदा निळा किंवा लाल होतो, भोंगा वाजतो, ‘तुमचा संगणक बाधित आहे, बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा’ असे वाक्य येते. हे ब्राउझरमधले एक पान असते, बाकी काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या कोणत्याही खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केप काही वेळ दाबून ठेवावे किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि तेही जमले नाही तर संगणकाचे बटण दाबून धरावे. पडद्याच्या कोपऱ्यात सतत व्हायरसचे इशारे येत असतील, तर कधी तरी एखाद्या संकेतस्थळाला नोटिफिकेशनची ‘अलाउ’ परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमधून ती काढली की इशारे थांबतात.

त्या नंबरवर फोन केला तर पलीकडची व्यक्ती एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावते. अशा अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. या धंद्याची एक बाजू आपल्यासाठी लाजिरवाणी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या नावाने परदेशातल्या लोकांना फसवणारी, भारतातून चालणारी कॉल सेंटर होती. ज्यांना ‘संगणक मंद झालाय’ एवढीच काळजी होती असे वृद्ध लोक त्यांचे गिऱ्हाईक होते.

बाधेचा खरोखर संशय असेल तर आधी काय करावे?

हा लेख तुम्ही फोनवर वाचत आहात, हे इथे कामाला येईल. संगणकाचे वायफाय बंद करा आणि पासवर्ड फोनवरून बदला. बाधित संगणकावर बसून नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो चोराच्या हाती देणे. क्रम महत्त्वाचा आहे. सर्वात आधी ईमेल, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग बँक, मग समाजमाध्यमे. पासवर्ड बदलताना ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय निवडायला विसरू नये. चोरलेली कुकी निकामी करायची तर तेच करावे लागते.

त्यानंतर संगणकाकडे वळावे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ असा पर्याय आहे. तो संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे लपणाऱ्या मालवेअरला निसटायला वाव कमी मिळतो. साधारण पाव तासाचे काम आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही अशी साधने मोफत मिळतात. याची माहिती फार कमी घरांत आहे आणि सरकारने तिचा प्रसार जितका करायला हवा होता तितका केलेला नाही.

फायलींची नावे बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील, तर ते खंडणीखोर मालवेअर म्हणजे रॅन्समवेअर. अशा वेळी पैसे भरू नयेत आणि घाईने फॉरमॅटही करू नये. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसेल तरी बंद फायली जपून ठेवल्या तर पुढे ती मिळू शकते.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र यातले काही करत बसू नये. आधी १९३० हा क्रमांक लावावा. पैसे पुढच्या खात्यांत विखुरले जाण्याआधी ते गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

फॉरमॅट कधीच करू नये का?

करावे, जेव्हा खरोखर इन्फोस्टीलर किंवा तत्सम काही सापडले असेल. अशा वेळी ‘स्कॅन केले, आता स्वच्छ आहे’ यावर विसंबण्यापेक्षा नवे विंडोज टाकणे शहाणपणाचे. फक्त ते मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेले असावे आणि आधी बॅकअप झालेला असावा.

मोठा प्रश्न वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य घरगुती संगणक कागदोपत्री बाद ठरले. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची विस्तारित सुरक्षा अपडेट योजना कंपनीने जाहीर केली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केल्यास ती पैसे न भरता घेता येते. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावर तिची नोंदणी असते. अपडेट नसलेल्या संगणकाचे काय होते, हे मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दाखवले होते. त्या भगदाडावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, त्यांची यंत्रे गेली.

जुन्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकणे हा आणखी एक मार्ग आहे. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब आणि मराठी टायपिंग एवढाच वापर असणाऱ्या घराला ती पुरते. टॅली किंवा एखादे खास सॉफ्टवेअर लागत असेल तर नाही.

आणि दुकानात जावेच लागले, तर तिथे दोन गोष्टी विचाराव्यात. टास्क मॅनेजरमध्ये नेमके काय दिसले, ते मला दाखवाल का? आणि डिस्क बदललीत तर जुनी परत द्याल ना? जुन्या डिस्कवर घरातले पासवर्ड, आधारच्या प्रती आणि फोटो तसेच असतात, आणि ती दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहण्यापेक्षा आपल्या कपाटात असलेली बरी.